मोटरहोमच्या सहा टायरांच्या तपासणीच्या नोंदी : फीनिक्स, जानेवारी ते मे २०२३

१४ जानेवारी २०२३, शनिवार

या नोंदी आजपासून लिहायला घेत आहे, कारण मागच्या ऑक्टोबरात जे घडले ते नुसत्या आठवणीवर सोपवले, तर वर्षभरात त्याची रंगवून सांगायची गोष्ट होईल आणि आकडे हरवतील. २९ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळी संपल्यानंतरच्या शनिवारी, आम्ही आमच्या मोटरहोममधून, म्हणजे स्वयंपाकाची आणि झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफहून आय-१७ महामार्गाने फीनिक्सकडे उतरत होतो. सनसेट पॉइंटचा थांबा मागे टाकून काही मिनिटे झाली असतील, तोच मागच्या डाव्या बाजूने पत्र्यावर कोणी घण घालावा तसे चार-पाच आवाज आले आणि गाडी डावीकडे ओढली गेली. वेग ताशी ६० मैलांच्या आसपास होता. ब्रेक दाबायचा मोह आवरून स्टिअरिंग सरळ धरले आणि गाडी आपोआप मंदावू दिली, एवढेच शहाणपण त्या क्षणी सुचले. मागच्या डाव्या जोडीतल्या बाहेरच्या टायरची नक्षी पोलादी पट्ट्यासकट सोलून निघाली होती, आणि त्या पट्ट्याने जाताजाता चाकावरचा पत्रा फाडला, मागच्या दिव्यांच्या तारा तोडल्या आणि सांडपाण्याच्या टाकीचा नळ मोडला.

रस्त्यावर मदतीला आलेल्या मेकॅनिकने एक नवा टायर चढवला आणि "रस्त्यावरचं काहीतरी लागलं असेल" असे सांगून तो निघून गेला. गाडी दुरुस्त झाली, विम्याचे पैसेही मिळाले. परंतु ते "काहीतरी" काय होते हे कोणी पाहिलेले नाही. फाटलेला टायर मी मागून घेतला होता आणि तो अडीच महिने गॅरेजच्या कोपऱ्यात पडून आहे. त्याच्यापासूनच सुरुवात करावयाची.

वाहनाची माहिती एकदाच लिहून ठेवतो. फोर्ड ई-४५० चासीवर बांधलेले ३१ फुटी मोटरहोम, २००९ सालचे, आम्ही २०२१ मध्ये सेकंडहँड घेतले. पुढे दोन आणि मागे जोडीने चार असे सहा टायर, माप एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई. विकणाऱ्याने टायरांकडे बोट दाखवून "जवळजवळ नवे" असे म्हटले होते, आणि नक्षीची खोली पाहून मीही मान डोलावली होती.

२१ जानेवारी, शनिवार

फाटलेला टायर अंगणात उन्हात आडवा टाकून तीन तास पाहिला. नक्षीचा जो तुकडा शिल्लक आहे त्याची खोली ७ मिलिमीटर भरली. असा नवा टायर साधारण ११ मिलिमीटरचा असतो, तेव्हा "टायर गोटा झाला होता" असे कोणालाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे टायरचे आयुष्य नक्षीवरून मोजतात, कारण आपल्या गाड्या रोज पळतात आणि नक्षी आधी संपते. वर्षाकाठी तीन हजार मैलही न चालणाऱ्या मोटरहोमचे तसे नाही. तिथे रबर आधी म्हातारे होते आणि नक्षी तरुण दिसत राहते.

खरी माहिती पट्टे जिथून सुटले त्या कडेला मिळाली. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचे दोन पट्टे एकावर एक असतात. त्यांच्या कडांशी, म्हणजे टायरच्या खांद्याजवळ, रबराला सर्वात जास्त ताण बसतो आणि उष्णताही तिथेच सर्वाधिक साठते. आमच्या टायरच्या मध्यभागी फाटलेले रबर खडबडीत आणि काळेकुट्ट आहे, ताजी भाकरी मोडल्यावर दिसते तसे. म्हणजे तो भाग त्याच दिवशी ओढला जाऊन फाटला. कडेला मात्र बोटभर रुंदीची, जवळपास फूटभर लांबीची एक पट्टी गुळगुळीत आहे. तिच्यावरून अंगठा फिरवला तर झिजलेल्या चपलेच्या तळव्यासारखा लागतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर बराच काळ घासल्याशिवाय असा गुळगुळीतपणा येत नाही. पट्टा त्या जागी आधीपासूनच सुटलेला होता, आणि प्रत्येक फेऱ्याला तो थोडा थोडा घासत, गरम होत, पुढे सरकत होता.

नंतर आतली बाजू पाहिली. हवा कमी असताना धावलेल्या टायरच्या आतल्या अस्तरावर, दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागात, चुरगळल्याची गोल रेघ उमटते, आणि फार धावला असेल तर रबराचा चुरा सापडतो. तसे इथे काहीच नाही. खिळा, छिद्र, जुन्या पंक्चरचे ठिगळ नाही. पट्ट्याच्या तारांना गंजही नाही, म्हणजे छिद्रातून पाणी शिरले होते असेही म्हणता येत नाही. मात्र रिमला टेकणाऱ्या काठावर चारही अंगांनी खोल चर पडला आहे. टायर त्याच्या शक्तीबाहेर दाबला जात असे, याची ही खूण आहे. हवा पुरेशी असूनही दाब जास्त कसा बसला, हा प्रश्न वहीत ठळक करून ठेवला आहे.

२२ जानेवारी, रविवार

आज वयाची मोजणी केली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर डीओटी (तिथले वाहतूक खाते) या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात. अडचण अशी, की पूर्ण क्रमांक बहुधा एकाच बाजूवर असतो आणि टायर बसवणाऱ्याने ती बाजू आत टाकली असली, तर पाठीवर झोपून, हातात विजेरी घेऊन, चिखलाचा थर पुसत तो वाचावा लागतो. चारांपैकी तीन क्रमांक मी तसेच वाचले आणि शर्ट टाकून दिला.

फाटलेला आणि मागचे जुने तिन्ही टायर २२१४, म्हणजे २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातले. घटनेच्या दिवशी त्यांचे वय आठ वर्षे पाच महिने होते, आणि आम्ही गाडी घेतली तेव्हाच ते सात वर्षांचे झालेले होते. पुढचे दोन २७१९. बऱ्याच वाहन उत्पादकांचे म्हणणे सहा वर्षांनी टायर बदलावेत असे आहे. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि कोणत्याही परिस्थितीत दहा वर्षांनी निवृत्ती असे सांगतात. हे आकडे साधारण हवामान गृहीत धरून दिलेले आहेत. फीनिक्सशेजारच्या मेसा येथील ज्या उघड्या मैदानात आमची गाडी वर्षातले दहा महिने उभी असते, तिथे उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४३ अंशांवर जाते आणि डांबराला हात लावता येत नाही.

स्टेपनीचा क्रमांक ०३०९ निघाला. चौदा वर्षांचा, एकदाही रस्त्याला न लागलेला, कारखान्यातल्या रबराच्या केसांसकट. शेजाऱ्यांना तो इतका नवा वाटला की त्यांनी विकत मागितला. मी नकार दिला आणि त्याच्या बाजूवर खडूने फुली मारली.

२८ जानेवारी, शनिवार

सकाळी सात वाजता, सूर्य टायरांवर येण्याआधी, सगळ्यांची हवा मोजली. दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुढे ७५ आणि मागे ८० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब हवा. पुढे ७३ आणि ७४. मागे उजवीकडे आत ७६, बाहेर ७८. मागे डावीकडे बाहेर, म्हणजे ऑक्टोबरात बसवलेल्या नव्या टायरमध्ये, ७९. त्याच जोडीतल्या आतल्या टायरमध्ये ५२.

तीनदा मोजले. मग साबणाचे पाणी करून व्हॉल्व्हवर सोडले. आतल्या टायरची हवा बाहेरून भरता यावी म्हणून पूर्वीच्या मालकाने विणलेल्या तारेची लवचिक नळी जोडली होती. तिच्या मुळाशी, जिथे ती मूळ व्हॉल्व्हवर फिरवून बसवली आहे, तिथे मोहरीएवढे बुडबुडे दर चार-पाच सेकंदांनी एक असे येत होते. एवढ्याशा गळतीने टायर एका रात्रीत बसत नाही. तो महिनोन्‌महिने बसत जातो, आणि जोडीतला असल्याने डोळ्यांना दिसत नाही, कारण बाहेरचा भाऊ त्याला उचलून धरतो.

संध्याकाळी कराडला काकांना फोन केला. त्यांनी तीस वर्षे ट्रक चालवले. मी आकडे सांगायच्या आधीच ते म्हणाले, "जोडीतला आतला बघितलास का? आतल्यासाठी कुणी वाकत नाही रे. म्हणून त्याचं पाप बाहेरचा भरतो." मी म्हणालो, "काका, तुम्ही कसे ओळखायचात? तेव्हा कुठे रोज मीटर लावत होता?" त्यावर ते म्हणाले, "टॉमीनं. दर थांब्याला सगळ्यांवर एकेक ठोका. भरलेला टणकन उडवतो, बसलेला बद्द वाजतो." टॉमी म्हणजे टायर उघडायची लोखंडी दांडी. इथले ट्रकवालेही लाकडी दांडक्याने तेच करताना मी थांब्यांवर पाहिले आहे. तरी ८० आणि ६५ यांतला फरक असा कानाने कळेल यावर माझा भरवसा नाही, काकांचा असेल.

काकांच्या एका वाक्याने आठवड्यापूर्वीचा ठळक प्रश्न सुटला, असे मला वाटते. फाटलेल्या टायरची हवा ठीक होती, शेजारच्याची नव्हती. जोडीतला एक टायर मऊ पडला की भार कडक टायरवर सरकतो. त्यामुळे बाहेरच्याच्या काठावर दाबाचा चर आहे आणि अस्तरावर मात्र कमी हवेची खूण नाही. ऑक्टोबरपूर्वी आतल्याची हवा किती होती याची नोंद नसल्यामुळे हे अनुमानच आहे. तो आतला टायर रिमवरून उतरवला की त्याचे अस्तर काय ते सांगेल.

याच दिवशी दुसरी चूकही हाती लागली. दोन्ही चाके जॅकवर उचलून, हवा सारखी भरून, फितीने घेर मोजले : नवा टायर ९२ इंच, जुना ९१ इंच. व्यासात जवळपास एक तृतीयांश इंचाचा फरक पडतो, आणि या मापाच्या जोडीत पाव इंचापलीकडे फरक असू नये. एकाच अक्षावर एकत्र फिरणारी ही चाके आहेत. मोठा टायर जास्त भार उचलतो आणि लहान टायर घासत ओढला जातो. ऑक्टोबरपासून आम्ही ज्याला दुरुस्ती समजत होतो तिने तीच बाहेरची जागा पुन्हा भाराखाली आणली होती.

११ फेब्रुवारी, शनिवार

वजन. हे काम आम्ही दोन वर्षांत एकदाही केले नव्हते, आणि मोटरहोमवाल्यांपैकी बहुतेकांनी केलेले नसते, असे माझे मत झाले आहे.

प्रवासाला निघताना असते तशी गाडी भरली : पाण्याची टाकी पूर्ण, गॅस पूर्ण, कपाटे भरलेली, आम्ही दोघे आत. ट्रकथांब्यावरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर पुढचा अक्ष एका फलाटावर आणि मागचा दुसऱ्यावर येईल अशी ती उभी केली. पावती अशी : पुढे ४,२६० पौंड, मागे ९,७२०, एकूण १३,९८०. चासीची एकूण मर्यादा १४,५०० असल्यामुळे पावतीवरची बेरीज पाहून बायकोने सुटकेचा श्वास टाकला. मागच्या अक्षाची मर्यादा मात्र ९,६०० आहे, म्हणजे एकूण वजनात ५२० पौंडांची सवलत असूनही मागे १२० पौंड जास्त होते.

मग तिथल्या बाईंची परवानगी काढून, गर्दी नसल्यामुळे, दुसरी फेरी केली, ज्यात फक्त डावी चाके फलाटावर आणि उजवी चाके शेजारच्या समपातळीतल्या काँक्रीटवर होती. मागची डावी बाजू एकटी ५,१२० पौंड भरली. उजवीकडे उरले ४,६००. या मापाच्या टायरची क्षमता ८० पीएसआयला एकटा असताना २,६८० पौंड आणि जोडीत असताना २,४७० पौंड असते; जोडीत कमी, कारण भार दोघांत कधीच अगदी सारखा वाटला जात नाही. म्हणजे डाव्या जोडीची क्षमता काटेकोर भरलेल्या हवेलाही ४,९४० पौंड. तिच्यावर १८० पौंड जास्त बसत होते, तेही दोन्ही टायर तंदुरुस्त आहेत असे धरून. प्रत्यक्षात आतला मऊ होता. ६५ पीएसआयला जोडीतल्या टायरची क्षमता २,१५० वर येते. ५२ ला काय उरत असेल त्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

वजन डावीकडेच का, याचे उत्तर गाडीच्या नकाशात आहे. बाहेर सरकणारी खोली, शेगडी, फ्रिज हे सगळे ड्रायव्हरच्या बाजूला. त्यावर आमची भर म्हणजे मागच्या डाव्या कपाटात हत्यारांची पेटी, कुकर आणि वीस पौंडी कणकेच्या दोन पिशव्या. तांदूळही तिथेच.

मागचा अक्ष इतका का भरतो, याचाही हिशेब मांडला, आणि तो मला या सगळ्या कामातला सर्वात उपयोगी भाग वाटतो. अशा गाडीचा बराच भाग मागच्या अक्षाच्या मागे लोंबत असतो. पाण्याची ४० गॅलनची टाकी पलंगाखाली, अक्षाच्या सुमारे सहा फूट मागे आहे. पाण्याचे वजन गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे टाकी भरली की ३३४ पौंड. दोन अक्षांतले अंतर १८ फूट धरले तर तरफेच्या नियमाने मागच्या अक्षावर ३३४ नव्हे, ४४५ पौंड चढतात, आणि पुढच्या अक्षावरून १११ पौंड उचलले जातात. सीसॉच्या शेवटी बसलेले मूल पलीकडच्याला हवेत उचलते, तसेच हे आहे. पुढचा अक्ष हलका झाल्याने स्टिअरिंगही सैल वाटते. ते आम्ही इतके दिवस वाऱ्यावर ढकलत होतो.

२५ फेब्रुवारी, शनिवार

टायर अजून घेतलेले नाहीत. आज फक्त वाचन आणि विचार.

टायर धावताना जमिनीला टेकणारा भाग दर फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. रबर वाकवायला लागलेली सगळी शक्ती सरळ होताना परत मिळत नाही. उरलेली उष्णता होते. हवा कमी किंवा वजन जास्त असेल तर वाकणे वाढते, वेग जास्त असेल तर तेच वाकणे मिनिटाला अधिक वेळा होते. भरीला, आत दाबाने भरलेल्या हवेतला प्राणवायू रबरातून हळूहळू बाहेर झिरपत असतो आणि वाटेत पट्ट्यांभोवतीचे रबर कडक करत जातो. ही क्रिया तापमानाबरोबर वेग घेते. बाहेरून ओझोन बाजूंवर बारीक भेगा पाडतो, आणि फीनिक्सच्या उन्हाळी हवेत ओझोन भरपूर आहे. रबरात मिसळलेले मेण आणि ओझोनरोधक रसायन टायर धावला तरच पृष्ठभागावर येत राहते, म्हणून उभा राहिलेला टायर अधिक लवकर तडकतो. बाहेरच्या भेगा निदान दिसतात. आतले कडक होणे कशानेच दिसत नाही.

या देशात दोन प्रकरणे या विषयाशी कायमची जोडली गेली आहेत. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यांपैकी बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. नक्षी सुटून गाड्या उलटल्याच्या घटना ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत एकवटलेल्या होत्या, आणि फोर्डने २६ पीएसआय एवढी कमी हवा सुचवली होती हा वादाचा एक मुद्दा होता. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला टायर सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा छोट्या गाड्यांत सक्तीची होण्याची वाट मोकळी झाली. दुसरे प्रकरण थेट मोटरहोमचे : गुडइयरचा जी१५९ हा २७५/७० आर २२.५ मापाचा टायर, १९९६ ते २००३ या काळात बनलेला. गावात माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचा हा टायर मोठ्या मोटरहोमवर बसून महामार्गाच्या वेगाने तासन्‌तास धावू लागला. दावे वर्षानुवर्षे चालले, त्यांतली पुष्कळ कागदपत्रे न्यायालयीन आदेशांनी बंद राहिली, आणि जून २०२२ मध्ये, दोष असल्याचे मान्य न करता, कंपनीने १,७३,२३७ टायर परत मागवले. शेवटचा टायर बनल्यानंतर एकोणीस वर्षांनी. कंपनीचे बोट कमी हवा आणि जास्त वजन यांकडे होते. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याची माझी पात्रता नाही, परंतु माझ्या गाडीची वजनपावती आणि ५२ चा आकडा हाती घेऊन मी कोणापुढे तक्रार नेली असती, तर पहिला प्रश्न मलाच विचारला गेला असता.

११ मार्च, शनिवार

मागचे चार आणि स्टेपनी, असे पाच नवे टायर बसवले. पुढचे दोन ठेवले आहेत. वय पावणेचार वर्षे, बाजूंना भेग नाही, काठाची झीज सारखी.

दुकानात पाचांपैकी दोन टायर दोन वर्षे जुने काढले होते. मी क्रमांक वाचून परत केले, तेव्हा काउंटरवरचा मुलगा "नवीनच आहेत, कधी वापरलेच नाहीत" असे म्हणाला. त्याच्याशी वाद न घालता मी स्टेपनीचा फोटो दाखवला. अर्ध्या तासाने दुसरे दोन आले.

जुना आतला टायर रिमवरून उतरवला, त्या वेळी मी काचेपलीकडे न थांबता आत जाऊन उभा राहिलो. टायर उघडताच तळाशी मिरपुडीसारखा काळा चुरा सांडला. अस्तरावर दोन्ही बाजूंना चुरगळल्याची रेघ पूर्ण गोल फिरलेली, आणि एका ठिकाणी रबर झिजून आतला धागा दिसत होता. शिफारशीच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे आमच्या बाबतीत ६४ पीएसआयखाली, धावलेला टायर नुसती हवा भरून पुन्हा वापरू नये, तो उतरवून आतून तपासावा, असा या धंद्यातला नियम आहे. ऑक्टोबरात बाहेरचा फाटल्यावर याच टायरने थांबेपर्यंत सगळा भार एकट्याने वाहिला होता. त्याच दिवशी तो उतरवला असता तर काय ते तेव्हाच कळले असते. माझे अनुमान बरोबर ठरल्याचा आनंद फार टिकला नाही. या टायरवर आम्ही फीनिक्सपर्यंत आलो होतो.

विणलेल्या नळ्या काढून टाकल्या आणि चारही चाकांना धातूचे सरळ लांब व्हॉल्व्ह लावले. आता आतल्या चाकाचे टोक बाहेरच्या चाकाच्या भोकातून समोर येते आणि मीटर सरळ बसतो. साध्या रबरी व्हॉल्व्हपैकी पुष्कळ ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात, हेही मला त्याच दिवशी दुकानातल्या वयस्क कामगाराने सांगितले. नवा टायर हजार वेळा निवडून त्याखाली चुकीचा व्हॉल्व्ह राहणे अगदी शक्य आहे.

१२ मार्च, रविवार

५० मैल चालवून चाकांचे नट पुन्हा १४० फूट-पौंडांवर कसले. डावीकडचे दोन नट थोडे फिरले.

१ एप्रिल, शनिवार

हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा बसवली. अमेरिकेच्या संघीय मानक क्रमांक १३८ प्रमाणे ती १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांनाच सक्तीची आहे आणि जोडचाकांचा अक्ष असलेल्या गाड्यांना त्यातून सूट आहे, म्हणजे जिथे डोळ्यांना काहीच कळत नाही नेमकी तीच चाके वगळलेली. सहा संवेदक व्हॉल्व्हच्या टोकांवर बसवले. इशारा ६८ ला ठेवला.

सामान हलवले : पाणी प्रवासात दहाच गॅलन, हत्यारांची पेटी उजवीकडे पुढच्या खणात, कणीक एक पिशवी. नंतर पुन्हा काट्यावर. पुढे ४,४८०, मागे ९,२००, एकूण १३,६८०. मागे डावीकडे ४,७००. एकूण वजन ३०० पौंडांनीच घटले, परंतु मागच्या अक्षावरून ५२० पौंड उतरले. तरफेचा हिशेब कागदावर आला होता त्याच्या अगदी जवळ.

डाव्या जोडीला आता २४० पौंडांची सवड आहे. ही फार नाही.

६ आणि ७ मे, शनिवार-रविवार

फ्लॅगस्टाफची चाचणी फेरी. पहाटे फीनिक्समध्ये २० अंशांना मागचे चारही ८० वर. तासाभरात सगळे ८६ ते ८८, आणि ब्लॅक कॅनियन सिटीनंतरच्या चढावर ९१ पर्यंत गेले. उत्तरेकडे जाताना सकाळचे ऊन उजवीकडून येत असल्यामुळे उजव्या टायरांत सतत दोनेक पीएसआय जास्त दिसत होते. डाव्या आतल्या आणि बाहेरच्या टायरांत एकाहून अधिक फरक एकदाही पडला नाही. माझे डोळे मुख्यतः त्या दोन आकड्यांवरच होते. गरम टायरची हवा वाढली म्हणून सोडू नये, हे माहीत असूनही ९१ पाहिल्यावर हात शिवशिवतो. यंत्रणा दाखवते ते तापमानही व्हॉल्व्हच्या टोकाचे आहे, पट्ट्याच्या काठाचे नाही, म्हणून त्या आकड्यावर मी भिस्त ठेवत नाही. वेग ६२ च्या आत ठेवला. शेजारून ७५ मैलांच्या मर्यादेने ट्रेलर ओढणाऱ्या गाड्या जात होत्या. ट्रेलरच्या विशेष टायरांपैकी ज्यांवर वेगाचे चिन्ह नसते, ते ६५ मैलांपुरतेच मानले जातात.

रविवारी सकाळी फ्लॅगस्टाफमध्ये २ अंश होते आणि चारही टायर ७७ दाखवत होते. गळती नव्हती. तापमान १८ अंशांनी उतरल्याने सहा पीएसआय कमी व्हायला हवे होते. परंतु फीनिक्सपेक्षा हे गाव जवळपास ५,८०० फूट उंच असल्यामुळे बाहेरची हवाच विरळ, आणि मीटर तेवढ्याने अडीच-तीन जास्त दाखवतो. हवा भरली नाही. तासाभरात ऊन येणार होते आणि खाली उतरायचे होते. भरली असती, तर घरी पोहोचल्यावर दुसऱ्या सकाळी थंड टायरवर पुन्हा मोजून जादा झालेली काढणे आले असते.

परतीच्या वाटेवर सनसेट पॉइंटला थांबलो. सहाही टायरांवरून हात फिरवला. गॅरेजमधून आणलेल्या टॉमीने एकेक ठोका घालून पाहिला. आतल्या टायरपर्यंत टॉमी सरळ पोहोचत नाही, ती दोन चाकांमधून तिरकी घालावी लागते. काका तीस वर्षे, दिवसातून चार वेळा हे कसे करत असतील, ते त्यांना विचारायचे आहे.

२० मे, शनिवार

गाडी परत मेसाच्या मैदानात. टायरांखाली प्लायवूडच्या फळ्या, वर पांढरी आच्छादने, हवा पूर्ण ८०. चमक आणणारी पेट्रोलियमची पॉलिशे बंद. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवायची आहे. जून, जुलै, ऑगस्टसाठी तारखा दिनदर्शिकेवर लिहिल्या. फुली मारलेली जुनी स्टेपनी पुनर्वापर केंद्रावर देताना तिची बाजू चाकूने आडवी कापून दिली, म्हणजे ती नवी म्हणून कोणी उचलणार नाही.

पुढचे दोन टायर २०२५ च्या जुलैत सहा वर्षांचे होतील.